पिलोतु, पायलट आणि खेपेवरचा ड्रायव्हर

गाडी चालवण्याबद्दल एका माणसाला वर्षाला सहाशे कोटींच्या वर रुपये द्यावेत काय?

फॉर्म्युला वनचा डच ड्रायव्हर मॅक्स व्हर्स्टॅपेन याची २०२४ सालची कमाई ‘फोर्ब्स’ने साडेसात कोटी डॉलर धरली होती. पगार आणि बोनस मिळून. त्या वेळच्या दराने हे सुमारे ६३० कोटी रुपये होतात. टोपीवरच्या, घड्याळाच्या, पेयाच्या जाहिरातींचे पैसे यात नाहीत. आमच्या कचेरीत दुपारच्या चहाला हा आकडा कुणीतरी मोठ्याने वाचला आणि क्षणभर सगळे गप्प झाले. मग डिचोलीकडचे एक सहकारी म्हणाले, “आणि आमच्या टिप्परवाल्यांनी काय घोडे मारले होते?”

सगळे हसले. मला मात्र त्या प्रश्नाने पछाडले. कारण विनोद बाजूला ठेवला तर तो इतिहासाचा प्रश्न आहे. माणसाच्या कामाचे मोल कोण ठरवतो, कधी ठरवतो आणि कशावरून?

आम्हा सरकारी कारकुनांना पगार ही गोष्ट तक्त्यात बघायची सवय. सातव्या वेतन आयोगाने केंद्र सरकारातील सर्वात खालच्या कर्मचाऱ्याचे मूळ वेतन १८ हजार ठरवले आणि सर्वात वरच्या, म्हणजे कॅबिनेट सचिवाचे अडीच लाख. चौदा पटींचा फरक. तोही आम्हांला फार वाटतो. त्या १८ हजारवाल्याला व्हर्स्टॅपेनची एका वर्षाची कमाई गाठायची तर २९ हजार वर्षे नोकरी करावी लागेल. निवृत्तीचे वय एवढे वाढवायला कुठलेही सरकार तयार होईल असे वाटत नाही! असो.

आधी एक गंमत. पोर्तुगीज भाषेत शर्यतीच्या ड्रायव्हरला ‘पिलोतु’ म्हणतात. आमच्याकडे भाड्याची मोटारसायकल चालवणारा तो ‘पायलट’. पिवळ्या मडगार्डची मोटारसायकल घेऊन बाजारात उभा असलेला पायलट गोव्याबाहेरच्या पाहुण्याला समजावून सांगताना आपली तारांबळ उडते. जुन्या पिढीत गाडी चालवणाऱ्याला ‘शोफेर’ म्हणत आणि बसला ‘कारेर’. कारेरच्या शोफेराला गावात मान असे. निरोप, औषध, लग्नपत्रिका, सगळे त्याच्या हाती. त्याचा पगार काय होता हे कुणी विचारत नसे, पण तो थांबेल तिथे चहा फुकट असे. मोलाचा हाही एक प्रकार.

आता फॉर्म्युला वनकडे वळू. त्याची विश्वविजेतेपदाची स्पर्धा सुरू झाली १३ मे १९५० रोजी, इंग्लंडमधल्या सिल्व्हरस्टोनच्या जुन्या विमानतळावर. तेव्हा मैदानात दोन प्रकारची माणसे होती. बापाच्या पैशावर हौस करणारे आणि हातात कसब असलेले. अर्जेंटिनाचा हुआन मानुएल फांजिओ हा दुसऱ्या प्रकारातला. इटलीतून स्थलांतर केलेल्या कुटुंबातला, गॅरेजमध्ये मेकॅनिक म्हणून वाढलेला. १९५१ मध्ये आणि मग १९५४ ते १९५७ अशी सलग चार वर्षे तो जगज्जेता झाला, शेवटच्या वेळी वय ४६. त्या काळात आयोजक ‘स्टार्टिंग मनी’ देत, म्हणजे नामवंत माणूस शर्यतीच्या रेषेवर उभा राहिला तरी त्याचे पैसे. का? तर त्याला बघायला लोक तिकीट काढत. आपल्या नाटकधंद्यात जे चालत होते तेच. पेडण्यात जत्रेला दशावतारी खेळ ठरवताना ‘मंडळी कुठली’ याच्याबरोबर ‘राजपार्टी कोण करणार, स्त्रीपार्टी कोण’ हेही विचारले जाते. तेरेखोल ओलांडून येणाऱ्या मंडळीचा भाव एका माणसाच्या नावावर वरखाली होतो. पण म्हणून त्या माणसाच्या हातात किती पडते, हा वेगळा मामला.

त्या दोन-तीन दशकांत ड्रायव्हर माशांसारखे मरत. प्रेक्षकही मरत. ११ जून १९५५ रोजी ल माँच्या शर्यतीत एक गाडी प्रेक्षकांत घुसली आणि ८० हून अधिक माणसे गेली. त्यानंतर स्वित्झर्लंडने आपल्या देशात अशा शर्यतींवर बंदीच घातली. १९६६ साली बेल्जियमच्या स्पा येथे स्कॉटलंडचा जॅकी स्टुअर्ट उलटलेल्या गाडीत पेट्रोलने भिजून जवळजवळ अर्धा तास अडकून पडला होता. त्याचे स्टिअरिंग सोडवायला पाना कुठून आणला म्हणता? एका प्रेक्षकाकडून मागून! तिथून पुढे स्टुअर्टने संरक्षक कठडे, डॉक्टर, अग्निशमन यांचा धोशा लावला. मालक आणि ट्रॅकवाले त्याला भित्रा म्हणू लागले. त्याने तीन विश्वविजेतेपदे जिंकून दाखवली आणि १९७३ मध्ये आपला संघातला जोडीदार फ्रान्स्वा सेव्हेर सरावात मेल्यावर शेवटची शर्यत न धावताच गाडी सोडली.

पैसा आला तो यानंतर आणि दुसऱ्याच दाराने. १९६८ साली लोटस संघाने आपल्या गाड्यांचा हिरवा रंग पुसून त्या सिगारेटच्या पाकिटाच्या रंगात रंगवल्या. टीव्हीवर सिगारेटची थेट जाहिरात करायला ब्रिटनमध्ये बंदी होती, पण धावणारी गाडी दाखवायला कोण अडवणार? पाठोपाठ बर्नी एक्लस्टन आला. एकेकाळी जुन्या गाड्या विकणारा हा माणूस योखेन रिंट या ड्रायव्हरचा व्यवस्थापक होता. रिंट १९७० मध्ये मोंझाला सरावात ठार झाला आणि मृत्यूनंतर विश्वविजेता ठरला. एक्लस्टनने पुढे ब्राबम संघ विकत घेतला, संघमालकांना एकत्र केले आणि टीव्हीचे हक्क आपल्या मुठीत आणले. १९८१ च्या ‘कॉन्कॉर्ड करारा’ने या धंद्याची घडी बसली. इथून पुढे शर्यत ट्रॅकवर कमी आणि दिवाणखान्यात जास्त होऊ लागली.

ही गोष्ट सर्वात आधी ज्याला कळली तो ऑस्ट्रियाचा निकी लाउडा. १ ऑगस्ट १९७६ रोजी नुर्बुर्गरिंगला तो जळत्या गाडीत सापडला, चेहरा भाजला, फुप्फुसे गेली, पाद्रीसुद्धा येऊन गेला. सहा आठवड्यांत पट्ट्या बांधून पुन्हा शर्यतीत! १९७९ मध्ये कंटाळून खेळ सोडला, विमान कंपनी काढली, आणि १९८२ मध्ये मॅक्लारेनकडे परत आला तो घसघशीत मानधन मागूनच. त्याचा युक्तिवाद प्रसिद्ध आहे. गाडी चालवण्याचा मला एकच डॉलर द्या, बाकीचे सगळे माझ्या नावाने तुम्हांला जी प्रसिद्धी मिळणार आहे तिचे.

वाचकहो, आपण ज्याला ‘ड्रायव्हरचा पगार’ म्हणतो त्याचा सगळा हिशेब या एका मागणीत आहे. आणि हा हिशेब आपल्याला नवा नाही. मूळच्या मंगेशीच्या घरातल्या लता मंगेशकरांनी १९६० च्या दशकात गाण्याच्या रॉयल्टीचा आग्रह धरला होता. गाणे एकदा म्हटले, तबकडी मात्र वर्षानुवर्षे विकली जाते, मग त्यातला वाटा गाणाऱ्याला का नाही? मोहम्मद रफींचे म्हणणे होते की ठरलेली बिदागी मिळाली, विषय संपला. या वादात दोघे काही वर्षे एकत्र गायलेच नाहीत. रफींचा साधेपणा लोकांना आवडतो. मलाही आवडतो. पण मी लताबाईंच्या बाजूचा आहे. ज्या घराने दीनानाथांसारखा माणूस १९४२ मध्ये विपन्नावस्थेत जाताना पाहिला, त्या घरातल्या मुलीला टाळ्या आणि पैसे यांतला फरक कुणी शिकवायची गरज नव्हती.

जानेवारी १९८२ मध्येच आणखी एक प्रकार घडला, जो मला लाउडाच्या मागणीपेक्षा महत्त्वाचा वाटतो. ड्रायव्हरांच्या परवान्याच्या नव्या अर्जात ड्रायव्हरला एकाच संघाशी बांधून ठेवणारे आणि अधिकाऱ्यांवर टीका करायला मनाई करणारे कलम होते. (अर्ज बारकाईने वाचणारा माणूस सगळीकडेच अप्रिय असतो, हे कारकुनाइतके कुणाला ठाऊक?) लाउडाने ते हेरले. दक्षिण आफ्रिकेतल्या क्यालामीला शर्यतीच्या आधी बहुतेक सगळे ड्रायव्हर एका बसमध्ये बसून जोहान्सबर्गच्या हॉटेलात निघून गेले आणि रात्री एकाच मोठ्या खोलीत गाद्या टाकून झोपले, म्हणजे एकेकाला फोडता येऊ नये. एलिओ दि आंजेलिस पियानो वाजवत होता. दुसऱ्या दिवशी तडजोड झाली. नंतर दंडबिंड झाले, पण ते कलम मोडले. कोट्यधीश आणि जेमतेम संघात टिकलेला, दोघे एकाच गादीवर. अशी रात्र त्या खेळात पुन्हा आली नाही.

मग आली इमोला. १९९४ सालचा एप्रिलअखेर. ब्राझीलचा आयर्टन सेना हा त्या काळचा सर्वात महागडा ड्रायव्हर. १९९३ मध्ये मॅक्लारेनकडून तो दर शर्यतीला दहा लाख डॉलर घेत होता. आपल्याकडच्या पोर्तुगीज जाणणाऱ्या जुन्या मंडळींना त्याचे विशेष कौतुक, एक तर भाषा आपली ओळखीची आणि त्यात त्याने पहिली शर्यत जिंकली तीही पोर्तुगालच्या एश्तोरिलला, १९८५ मध्ये, भर पावसात. त्याच इमोलात दुसरा एक ड्रायव्हर होता, ऑस्ट्रियाचा रोलांड रात्झनबर्गर. वय ३३. सिमटेक नावाच्या नवख्या, दरिद्री संघात त्याला जागा होती ती फक्त पाच शर्यतींपुरती, कारण तेवढ्याच शर्यतींचे पैसे जमले होते. पैसे त्याला मिळणार नव्हते. त्याच्या बाजूने संघाला जाणार होते! ३० एप्रिलला पात्रता फेरीत त्याच्या गाडीचा पुढचा पंख तुटला आणि तो भिंतीवर आदळून ठार झाला. १ मे रोजी सातव्या फेरीत सेना गेला. सेनाच्या गाडीत ऑस्ट्रियाचा झेंडा सापडला, जिंकल्यावर तो फडकावणार होता म्हणतात. साव पावलूत सेनाच्या अंत्ययात्रेला लाखो लोक लोटले. आंतरराष्ट्रीय संघटनेचे अध्यक्ष मॅक्स मोझली मात्र रात्झनबर्गरच्या अंत्यविधीला गेले, बाकी सगळे दुसरीकडे असणार म्हणून.

एकच ट्रॅक, एकच धोका, चोवीस तासांचे अंतर. एकाला दहा लाख डॉलर मिळत होते, दुसऱ्याच्या जागेसाठी उलट पैसे मोजावे लागत होते. जे लोक म्हणतात की ‘जिवावर उदार होतात म्हणून एवढे पैसे मिळतात’, त्यांनी इमोलाचा हिशेब मांडून बघावा. शिवाय दुसरे असे की इमोलानंतर हा खेळ खूप सुरक्षित झाला. जपानच्या सुझुकाला २०१४ मध्ये जखमी होऊन पुढल्या वर्षी वारलेला ज्यूल बियांकी हा फॉर्म्युला वनच्या शर्यतीतील अपघाताने गेलेला शेवटचा ड्रायव्हर. २०१८ पासून डोक्याभोवती ‘हेलो’ नावाची कमान आली. २०२० साली बहरीनला रोमँ ग्रोजाँची गाडी कठडा फोडून दुभंगली, पेटली, आणि तो ज्वाळांतून चालत बाहेर आला. म्हणजे धोका कमी होत गेला आणि पगार वाढत गेला. पगार धोक्याचा असता तर उलटे व्हायला हवे होते.

कसबाचा मात्र मान ठेवला पाहिजे. वळणावर डोक्याच्या वजनाच्या चार-पाच पट ओढ मानेवर घेत, भट्टीसारख्या गरम खोबणीत बसून, दीड-दोन तासांत दोन-तीन किलो वजन घामात घालवणे आणि तेवढ्यात सेकंदाच्या हजाराव्या भागाचा हिशेब ठेवणे हे सोम्यागोम्याचे काम नव्हे. जगात अशा जागा वीस-बावीस. पण त्या वीस-बावीसांत पोचायलाही पैसाच लागतो. नारायण कार्तिकेयन २००५ मध्ये जॉर्डन संघातून उतरला तो पहिला भारतीय. त्या गाडीवर टाटांचे नाव होते, कारण टाटांच्या पाठबळाशिवाय ती जागा मिळाली नसती. त्या वर्षी इंडियानापोलिसला टायरच्या भानगडीने चौदा गाड्यांनी माघार घेतली, सहाच धावल्या आणि कार्तिकेयन चौथा आला. फॉर्म्युला वनमधले भारताचे पहिले गुण.

टाटा! इथे मी डिचोलीला पोचलो.

कारण त्याच वर्षांत टाटांचे नाव पुढे मिरवणारी गाडी डिचोली तालुक्यातला पोरगा दिवसातून कितीदा तरी बघत होता. सुर्ल, पाळी, वेळगे, नावेली, आमोणे, मये, पिळगाव. या गावांना रस्ते होते असे म्हणण्यापेक्षा खाणींना रस्ते होते आणि त्यांच्या कडेला गावे राहत होती असे म्हणावे. गोव्याचे खनिज पोर्तुगीज काळातच जपानच्या पोलाद कारखान्यांकडे जाऊ लागले होते. सुरुवातीला डोक्यावरच्या पाट्या आणि होड्या, मग ट्रक आणि बार्ज. खाणीवरून सारमानसच्या किंवा आमोण्याच्या धक्क्यावर, तिथून बार्जने मांडवीतून मुरगावला, मुरगावहून जहाजाने परदेशी. या साखळीतला टिप्परचा टप्पा सर्वात छोटा, काही किलोमीटरांचा. पण सगळे त्याच्यावर अडलेले.

२००० नंतर चीनची भूक वाढली, २००८ च्या बीजिंग ऑलिम्पिकच्या सुमारास तर भाव गगनाला भिडले. आपल्याकडच्या कमी प्रतीच्या मालालाही, पूर्वी टाकून दिलेल्या डंपांनाही गिऱ्हाईक आले. २०१०–११ साली गोव्यातून पाच कोटी टनांहून अधिक खनिज निर्यात झाले. यात काही माल शेजारच्या राज्यातला होता हे मान्य. तरी हिशेबासाठी सगळे टिप्परने गेले असे धरा. दहा टनांचा एक टिप्पर म्हणजे पन्नास लाख खेपा. पावसाळा, सुट्या वजा जाता दोनशे दिवस काम धरले तर दिवसाला पंचवीस हजार खेपा. रिकामे परतणारे टिप्पर वेगळे.

आणि पैसे खेपेवर. इथेच सगळी मेख होती. जितक्या खेपा तितके पैसे, हा नियम ट्रकमालकालाही आणि ड्रायव्हरलाही. म्हणून ड्रायव्हर धावे. पुढच्याला मागे टाकून लोडरखाली नंबर आधी लागला तर संध्याकाळपर्यंत एक खेप जास्त. ही शर्यतच होती. हिरवा झेंडा नाही, प्रेक्षकांसाठी कठडा नाही, डॉक्टर नाही. प्रेक्षक म्हणजे शाळेतून परतणारी मुले, सायकलवरचा पोदेर, काठावरच्या घरातली म्हातारी. लाल धूळ एवढी की समोरच्याचा टेल-लॅम्प दिसू नये. अपघात झाला की लोक रस्ता अडवत, दोन दिवस वाहतूक बंद, मग बैठक, मग शाळेच्या वेळेत वाहतूक नको, वेगाला मर्यादा घाला असे ठराव, आणि पुन्हा तेच. गावकऱ्यांच्या तोंडी ड्रायव्हरसाठी एकच शब्द असे, ‘राक्षस’. पण खेपेचा नियम ड्रायव्हरने केलेला नव्हता. हळू चालवणाऱ्याच्या घरी त्या दिवशी कमी पैसे जात, एवढेच त्याला ठाऊक.

पुष्कळ टिप्पर गावकऱ्यांचेच होते हेही सांगितले पाहिजे. शेत गाळाने गेले, विहीर आटली (शिरगावच्या पाण्याचे जे झाले ते सर्वांना माहीत आहे), मग त्याच कुटुंबाने कर्ज काढून टिप्पर घेतला. ज्या खाणीने शेत नेले तिच्याच दारात खेपेसाठी रांग. मयेच्या तळ्याकाठी फिरायला येणाऱ्या पर्यटकाला हे कळणार नाही, आणि त्याला दोष देण्यातही अर्थ नाही.

२०१२ चा ऑक्टोबर हा महिना मला या विषयात फार बोलका वाटतो. न्यायमूर्ती एम. बी. शाह आयोगाचा अहवाल सप्टेंबरमध्ये संसदेत आला. बेकायदा खाणकामामुळे सुमारे ३५ हजार कोटी रुपयांचे नुकसान झाल्याचा अंदाज त्यात होता. खाणमालकांनी तो आकडा अमान्य केला, ती गोष्ट वेगळी. १० सप्टेंबरला राज्य सरकारने खाणी थांबवल्या आणि ५ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली. डिचोलीतले टिप्पर उभे राहिले ते उभेच. त्याच महिन्यात १ तारखेपासून विजय मल्ल्यांच्या किंगफिशर एअरलाइन्सची विमाने जमिनीवर आली. कर्मचाऱ्यांचे कित्येक महिन्यांचे पगार थकलेले होते. २० ऑक्टोबरला कंपनीचा परवानाही निलंबित झाला. आणि २८ ऑक्टोबरला ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर दुसरी भारतीय ग्रां प्री थाटात झाली. मल्ल्या ज्याचे एक मालक होते त्या फोर्स इंडियाच्या दोन्ही गाड्या तीत धावल्या. (दुसरे भागीदार सहाराचे सुब्रत रॉय. काय जोडी!) सेबास्टियन फेटल जिंकला, तो तिन्ही वर्षे जिंकला. २०१३ नंतर ती शर्यतच बंद पडली. मल्ल्यांचा कांदोळीचा तो गाजलेला बंगला पुढे बँकांनी ताब्यात घेतला आणि २०१७ मध्ये ७३ कोटींना विकला गेला.

लाउडानेही विमान कंपनी काढली होती आणि मल्ल्यांनीही. पण एकाने स्टिअरिंगवर मिळवलेला पैसा विमानात घातला. दुसऱ्याच्या विमानातल्या माणसांना पगार मिळत नव्हता तेव्हा त्याच्या नावाची शर्यतीची गाडी पळत होती.

आता माझे मत विचाराल तर सांगतो. व्हर्स्टॅपेनच्या ६३० कोटींचा मला राग येत नाही. फॉर्म्युला वनच्या कंपनीचे २०२४ चे उत्पन्न सुमारे ३४० कोटी डॉलर होते. संघांची मिळकत आणि प्रायोजकांचे पैसे आणखी निराळे. एवढा पैसा तिथे येतो तो कुणाला तरी बघण्यासाठी, आणि ज्याला बघायचे तो माणूस आपला वाटा मागून घेतो. त्याने घेतला नाही तर तो मेकॅनिककडे जाणार नाही, मालकाकडेच राहील. २०२१ पासून संघांच्या खर्चावर मर्यादा आली, तीत ड्रायव्हरांचे पगार धरले जात नाहीत. मर्यादेची झळ लागते ती कारखान्यात काम करणाऱ्यांना. हे मला अन्यायाचे वाटते. पण त्याचा दोष ड्रायव्हरच्या माथी मारता येत नाही.

राग येतो तो वेगळ्या गोष्टीचा. ड्रायव्हरचा पगार पेपरात छापून येतो, चहाला वाचला जातो, त्यावर आपण तोंडात बोट घालतो. मालकाचा आकडा शोधायला आयोग नेमावा लागतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये सांगितले की गोव्यातील खाणींचे पट्टे २००७ मध्येच संपले होते, म्हणजे भरभराटीची ती पाच वर्षे कायद्याने पट्टाच नव्हता. त्या पाच वर्षांत टनामागे कुणाला काय उरले हे चहाच्या वेळी कुणी मोठ्याने वाचल्याचे मला आठवत नाही. खेपेच्या दरासाठी ट्रकमालकांना मात्र रस्त्यावर यावे लागे, ते सगळ्यांना आठवते, कारण तेव्हा आपली कदंबा उशिरा पोचे.

सहकाऱ्याच्या प्रश्नाला माझे उत्तर असे. टिप्परवाल्याचे कसब कमी नव्हते. सुर्लच्या चढावर दहा टन माल घेऊन पावसाच्या पहिल्या सरीत, लाल चिखलात गाडी ताब्यात ठेवणाऱ्याला कसब नाही म्हणण्याची माझी छाती नाही. धोका तर जास्तच होता. त्याच्याजवळ नव्हते ते नाव. एक गेला तर दुसरा त्या सीटवर बसे आणि खनिजाला फरक कळत नसे. आणि क्यालामीची ती एक खोलीही त्याच्याजवळ नव्हती. ट्रकमालकांच्या संघटना झाल्या, त्यांनी आंदोलने केली, बंदीनंतर सरकारकडून कर्जात सवलत आणि मदतही मिळवली. ड्रायव्हर त्या संघटनांत नव्हता. पुष्कळ ड्रायव्हर परप्रांतीय, ते आपल्या गावी गेले. स्थानिक होते ते कुणी बसवर चढले, कुणी सुरक्षारक्षक झाले, कुणी भाड्याची टॅक्सी धरली.

टॅक्सीवरून पेडणे आठवते. ११ डिसेंबर २०२२ रोजी मोपाच्या विमानतळाचे उद्घाटन झाले आणि जानेवारी २०२३ पासून विमाने उतरू लागली. ज्यांच्या काजूच्या बागा, कुळागरे, गुरांची चरणे त्या पठारावर गेली त्या पेडणेकरांच्या मुलांनी कर्ज काढून टॅक्सी घेतल्या, आणि पहिला लढा द्यावा लागला तो विमानतळावर काउंटर मिळवण्यासाठी. मग पार्किंग शुल्कासाठी. २०२५ मध्ये ॲपवरच्या टॅक्सींच्या मसुद्यावरून तर सगळ्या गोव्यातले टॅक्सीवाले पेटून उठले. पर्यटक म्हणतात, हे लोक भाडे फार घेतात. काही घेतात, हे मीही अनुभवले आहे. पण ॲपवाल्या कंपनीचा कट किती टक्के असावा, यावर पर्यटकांनी आवाज उठवल्याचे ऐकिवात नाही. पुन्हा तेच. समोर दिसतो तो ड्रायव्हर, म्हणून महाग तोच.

इकडे डिचोलीत २०१८ च्या मार्चमध्ये पुन्हा बंद पडलेल्या खाणींचा डिसेंबर २०२२ मध्ये लिलाव झाला. डिचोलीचा पहिला ब्लॉक वेदांताला गेला आणि २०२४ मध्ये तिथे काम सुरू झाले. वाहतुकीच्या रस्त्यावरून पिळगावच्या शेतकऱ्यांनी आपली जमीन दाखवून वाट अडवली, गावातून टिप्पर नकोत म्हणून लोक न्यायालयात गेले. आता टिप्परवर जीपीएस असते. गाडी कुठे आहे, किती वेळ थांबली, किती वेगाने गेली, सगळे खाण खात्याच्या पडद्यावर दिसू शकते. फॉर्म्युला वनच्या गाडीवरही असलेच शेकडो सेन्सर असतात, आणि तिथे त्या आकड्यांवरून ड्रायव्हर पुढच्या करारात पैसे वाढवून मागतो.